तारीख जाहीर केली, आता हिशेब दाखवा

पेट्रोल-डिझेलवर चालणाऱ्या नव्या मोटारींची विक्री कधी बंद होणार, या एकाच प्रश्नाला ब्रिटनच्या सरकारांनी आठ वर्षांत पाच वेळा उत्तर दिले आहे. जुलै २०१७ मध्ये सांगितले, २०४० साली. फेब्रुवारी २०२० मध्ये ते २०३५ झाले आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये २०३०. सप्टेंबर २०२३ मध्ये तत्कालीन पंतप्रधान ऋषी सुनक यांनी पुन्हा २०३५ वर नेले, आणि मजूर पक्षाच्या सरकारने एप्रिल २०२५ मध्ये २०३० कायम केले. हायब्रिड गाड्यांना मात्र २०३५ पर्यंत मुभा ठेवली. प्रत्येक तारखेचा मोठा मथळा झाला, वाहिन्यांवर वाद रंगले. या तारखेमुळे नेमका किती टन कार्बन कमी होईल, तो कोणत्या गृहीतावर, आणि गृहीत चुकले तर काय, हे प्रश्न मथळ्यांत आले नाहीत. ते विचारले गेले वेस्टमिन्स्टरमधल्या संसदीय समित्यांच्या बैठकांत, लेखापरीक्षकांच्या अहवालांत आणि शेवटी न्यायालयात. वाहतुकीतले उत्सर्जन कमी करण्याच्या सरकारी आराखड्यांची ही झाडाझडती म्हणजे कंटाळवाणी कागदोपत्री कसरत आहे, असे अनेकांना वाटते. मला ती साऱ्या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते. आराखड्यामागची आकडेमोड लोकप्रतिनिधींसमोर उघडी नसेल, तर जाहीर केलेली तारीख पुढच्या राजकीय गरजेपुरतीच टिकते, आणि ब्रिटनच्या पाच तारखा हेच दाखवतात.

वाहतूक हे इतके अवघड दुखणे का आहे, हे आधी पाहिले पाहिजे. १९९० ते २०१९ या काळात ब्रिटनमधल्या वीजनिर्मिती व ऊर्जापुरवठा क्षेत्राचे उत्सर्जन जवळपास दोन तृतीयांशाने घटले. कोळसा गेला, वारा आणि वायू आले. सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस रॅटक्लिफ-ऑन-सोअर येथील शेवटचे कोळशावरचे वीजकेंद्रही बंद झाले. त्याच तीस वर्षांत देशांतर्गत वाहतुकीचे उत्सर्जन सुमारे १२.८ कोटी टनांवरून १२.२ कोटी टनांवर आले, म्हणजे घट जेमतेम ५ टक्के. त्यामुळे २०१६ पासून वाहतूक हेच सर्वाधिक उत्सर्जन करणारे क्षेत्र ठरले आहे आणि २०१९ मध्ये देशाच्या एकूण उत्सर्जनातला २७ टक्के वाटा त्याचा होता. त्यातला ९१ टक्के भाग रस्त्यावरच्या वाहनांचा. विजेच्या बाबतीत मोजक्या कंपन्या आणि काही डझन केंद्रे बदलली की काम होते. घरातल्या बटणाला फरक कळत नाही. वाहतुकीत तीन कोटींहून जास्त मोटारी, त्यांचे मालक, कामाची ठिकाणे, शाळा, बसचे मार्ग, इंधनावरचा कर, घरांची रचना असे सगळेच हलवावे लागते. इंजिने सुधारली, पण गाड्या जड झाल्या आणि लोकांचे फिरणे वाढले. एका हाताने कमावलेले दुसऱ्या हाताने गेले.

छाननीची चौकट उभी राहिली ती २००८ च्या हवामानबदल कायद्याने. दर पाच वर्षांसाठी देशाने किती उत्सर्जन करायचे याची कमाल मर्यादा, म्हणजे कार्बन बजेट, बारा वर्षे आधी ठरवायची. ती गाठण्यासाठीची धोरणे मंत्र्यांनी तयार करून संसदेपुढे ठेवायची. स्वतंत्र हवामानबदल समितीने दरवर्षी जूनअखेर प्रगतीचा अहवाल संसदेला द्यायचा आणि सरकारने १५ ऑक्टोबरपर्यंत त्याला उत्तर द्यायचे, असे हे चक्र आहे. त्याच्या जोडीला खासदारांच्या समित्या आहेत. प्रत्येक मंत्रालयावर लक्ष ठेवणाऱ्या या समित्या आजच्या स्वरूपात १९७९ पासून काम करतात. २०१० पासून त्यांचे अध्यक्ष गुप्त मतदानाने निवडले जातात, म्हणजे पक्षनेत्याच्या मर्जीवर अध्यक्षपद राहत नाही. साक्षी उघडपणे होतात, त्यांचे प्रक्षेपण होते, लेखी निवेदने प्रसिद्ध होतात आणि सरकारने दोन महिन्यांत उत्तर द्यावे असा संकेत आहे. वाहतूक समिती आहे, उद्योग समिती आहे, लोकलेखा समिती आहे. आणि १९९७ पासून पर्यावरण लेखापरीक्षण समितीही आहे, जिला कोणत्याही मंत्रालयाच्या दारात जाऊन पर्यावरणाचा हिशेब मागता येतो.

या समित्यांनी काय साधले? ऑक्टोबर २०१८ मध्ये उद्योग समितीने २०४० ची तारीख धूसर आणि अपुरी असल्याचे स्पष्ट शब्दांत सांगितले आणि २०३२ ची शिफारस केली. सरकारने ती मानली नाही. पुढच्या ऑगस्टमध्ये विज्ञान व तंत्रज्ञान समितीने उशिरात उशिरा २०३५ म्हटले आणि आणखी एक अप्रिय गोष्ट नोंदवली: दीर्घकाळात घराघरात खासगी मोटार आणि मोठी उत्सर्जनकपात या दोन गोष्टी एकत्र नांदणार नाहीत. पंधरा महिन्यांच्या आत बोरिस जॉन्सन यांचे सरकार २०३० वर आले होते. ग्लासगोच्या हवामान परिषदेचे यजमानपद, उद्योगातले बदल, जनमत अशी इतरही कारणे होती. समितीच्या अहवालामुळेच हे झाले असे म्हणणे बरोबर नाही. मात्र सरकारला पुढे सरकायचे होते तेव्हा साक्षी-पुराव्यांनिशी तपासलेला पर्याय तयार होता. फेब्रुवारी २०२१ मध्ये राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने मोटारींचे उत्सर्जन २०११ पासून फक्त १ टक्क्याने घटल्याचे दाखवले, आणि मे महिन्यात लोकलेखा समितीने याच अहवालाच्या आधारे अधिकाऱ्यांना विचारले की पुढच्या नऊ वर्षांत सगळे बदलणार असेल तर त्याचा टप्प्याटप्प्याचा आराखडा कुठे आहे. जुलै २०२१ मध्ये वाहतूकमंत्री ग्रँट शॅप्स यांनी वाहतूक कार्बनमुक्तीचा मोठा आराखडा प्रसिद्ध केला. त्यात आश्वासने भरपूर होती, पण उत्सर्जन कुठवर उतरेल हे एका रुंद पट्ट्यात दाखवले होते. कोणत्या उपायाने किती कपात होणार, हे वाचणाऱ्याला कळत नव्हते.

झाडाझडतीची खरी कसोटी पैशाच्या प्रश्नावर लागली. इथे थोडे थांबायला हवे, कारण सगळ्या वाहतूकधोरणाची गोम इथेच आहे. गाड्या विजेवर गेल्या की पेट्रोल-डिझेलवरचा कर आटतो. संसदेच्या वाहतूक समितीने फेब्रुवारी २०२२ मध्ये हिशेब मांडला: इंधनकर आणि वाहनकर मिळून वर्षाला सुमारे ३,५०० कोटी पौंड तिजोरीत येतात, आणि सरकारच्याच धोरणाने तो झरा सुकणार आहे. जितके अंतर तितका कर, अशी पद्धत आणायची की आणखी काही, हे ठरवण्यासाठी स्वतंत्र यंत्रणा नेमा आणि २०२२ अखेरपर्यंत शिफारस घ्या, असे समितीने सुचवले. दोन महिन्यांत यायचे उत्तर जानेवारी २०२३ मध्ये आले, म्हणजे जवळजवळ वर्षाने. आणि त्यात रस्तेवापरावर आकारणीचा सध्या विचार नाही, एवढेच होते. खासदारांच्या मतदारसंघांत वाहनचालक असतात, निवडणुका असतात, हे समजण्यासारखे आहे. पण प्रश्न टाळल्याने सुटला नाही. नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज यांनी एप्रिल २०२८ पासून विजेवरच्या मोटारींना मैलाला ३ पेन्स आकारणी जाहीर केली. २०१८ साली २०३२ ची शिफारस करणाऱ्या उद्योग समितीच्या अध्यक्षा याच होत्या. २०२२ मध्येच मोकळी चर्चा झाली असती, तर विजेवरची गाडी घेणाऱ्याला खरेदीपूर्वीच माहीत असते की पुढे हा खर्च येणार. सवलत देऊन गाडी घ्यायला लावायची आणि मागाहून कर जाहीर करायचा, यात धोरणाची विश्वासार्हता जाते.

याच पैशाच्या प्रश्नाला दुसरी बाजू आहे, जिच्याकडे विज्ञान समितीने २०१९ मध्येच बोट दाखवले होते. इंधनकर २०११ नंतर वर्षानुवर्षे गोठवलेला राहिला, मार्च २०२२ मध्ये तो लिटरमागे आणखी ५ पेन्सने कमी झाला. मात्र रेल्वे आणि बसची भाडी या काळात चढत गेली. इंग्लंडमध्ये बसच्या एका फेरीचे भाडे जानेवारी २०२३ पासून २ पौंडांवर रोखले होते, ते जानेवारी २०२५ मध्ये ३ पौंड झाले. इंग्लंडमधल्या साधारण पाचांतल्या एका घरात मोटारच नाही. वाहतुकीचे उत्सर्जन कमी करण्याची भाषा करणारे सरकार मोटार चालवणे तुलनेने स्वस्त आणि बस तुलनेने महाग होऊ देते, ही विसंगती वाहतूक मंत्रालय स्वतःहून सांगणार नाही, अर्थ मंत्रालय तर मुळीच नाही. दोन्ही खात्यांचे कागद एका टेबलावर ठेवायला लावणारी जागा संसदेतच असते.

जुलै २०२२ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयात जे झाले, त्याने छाननीचे महत्त्व कायद्याच्या भाषेत मांडले. सरकारच्या निव्वळ शून्य (नेट झीरो) उत्सर्जनाच्या धोरणाला पर्यावरण संस्थांनी आव्हान दिले होते. सुनावणीत उघड झाले की आकडे मांडता येतील अशा धोरणांची बेरीज सहाव्या कार्बन बजेटसाठी, म्हणजे २०३३ ते २०३७ या काळासाठी, लागणाऱ्या कपातीच्या ९५ टक्क्यांवरच थांबत होती. उरलेले ५ टक्के आकड्यांत न बसवलेल्या उपायांतून येतील, असा भरवसा होता. कोणत्या धोरणाचा वाटा किती, हे मंत्र्यांनाही पुरेसे सांगितलेले नव्हते आणि संसदेला दिलेल्या अहवालात तर ते नव्हतेच. न्यायमूर्ती होलगेट यांनी धोरण बेकायदा ठरवले. संसदेला आणि जनतेला सरकारचा जाब विचारता यावा यासाठीच हा अहवाल असतो, हा त्यांच्या निर्णयाचा गाभा होता. परिणाम लगेच दिसला. मार्च २०२३ च्या नव्या आराखड्यात धोरणवार तक्ते आले, वाहतुकीचे उपाय एकेक करून आकड्यांसह मांडले गेले, आणि सहाव्या बजेटसाठी ९७ टक्केच भरतात हेही सरकारला लिहावे लागले. ते तक्ते हाती आल्यावर मे २०२४ मध्ये न्यायालयाने तोही आराखडा फेटाळला, कारण प्रत्येक उपाय शंभर टक्के यशस्वी होईल असे गृहीत धरले होते आणि तसे मानायला आधार नव्हता. पहिल्या वेळी आकडे दडले होते म्हणून, दुसऱ्या वेळी आकड्यांमागचे गृहीत पोकळ होते म्हणून. उघड्या हिशेबाचा हाच उपयोग, की पुढची चूक लवकर दिसते.

चार्जिंगचे उदाहरण त्याच जातीचे आहे. महामार्गांवर वेगवान चार्जिंगसाठी २०२० मध्ये ९५ कोटी पौंडांचा निधी जाहीर झाला. राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने डिसेंबर २०२४ मध्ये पाहणी केली तेव्हाही तो खुला झालेला नव्हता. हाउस ऑफ लॉर्ड्सच्या पर्यावरण समितीने त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत आणखी एक बोचणारी गोष्ट नोंदवली होती: घरी गाडी चार्ज करणाऱ्याला विजेवर ५ टक्के मूल्यवर्धित कर लागतो आणि रस्त्यावरच्या चार्जरवर २० टक्के. म्हणजे ज्याच्या घराला अंगण किंवा गॅरेज आहे त्याला स्वस्त, आणि फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला महाग.

यावर आक्षेप आहेत आणि ते हलक्यात घेण्यासारखे नाहीत. पहिला आक्षेप असा की समित्यांच्या हाती अधिकार नसतो. त्या शिफारस करतात, सरकार हवे ते घेते, नको ते बाजूला ठेवते. रस्ते-आकारणीच्या अहवालाचे जे झाले ते पाहता हे खरे आहे. पण अधिकार नाही म्हणून परिणाम नाही, असे म्हणता येत नाही. नोंद राहते, आणि ती नोंद लेखापरीक्षक, न्यायालये, विरोधी पक्ष आणि पुढचे सरकार वापरतात. दुसरा आक्षेप जास्त गंभीर: हवामानाचे संकट तातडीचे आहे, चौकशांत वेळ कशाला घालवायचा? याचे उत्तर पाच तारखांच्या इतिहासातच आहे. उद्योगांचा वेळ छाननीत गेला नाही, धरसोडीत गेला. जग्वार लँड रोव्हर ही कंपनी २००८ मध्ये टाटा मोटर्सने विकत घेतली. टाटा समूहाने जुलै २०२३ मध्ये सॉमरसेट परगण्यात ४०० कोटी पौंडांच्या बॅटरी कारखान्याची घोषणा केली, आणि त्यानंतर दोनच महिन्यांनी सुनक यांनी तारीख पुढे ढकलली. मुंबईत मुख्यालय असलेल्या समूहाने इतका पैसा परदेशात ज्या धोरणाच्या भरवशावर लावायचा, ते धोरण हाउस ऑफ कॉमन्स सुट्टीवर गेल्याच्या दुसऱ्या दिवशी पत्रकार परिषदेत बदलते. सभापती लिंडसे हॉयल यांनी त्याबद्दल जाहीर नाराजी व्यक्त केली होती. संसदेत तपासून, गृहीतांसकट नोंदवलेला निर्णय बदलणे इतके सोपे नसते.

तिसरा आक्षेप म्हणतो की तज्ज्ञांची समिती आणि न्यायालये मिळून निवडून आलेल्या सरकारचे हात बांधतात. मतदारांना ध्येय बदलण्याचा हक्क हवा. हक्क हवाच, आणि कायद्यात तो आहेही: संसद मर्यादा बदलू शकते. कायदा एवढेच सांगतो की बदल करायचा असेल तर उघडपणे करा, आणि मर्यादा बदलली नसेल तर ती पाळण्याचा मार्ग दाखवा. यात लोकशाहीचा संकोच नाही. खुद्द सुनक यांनीच सप्टेंबर २०२३ च्या भाषणात सांगितले की सहावे कार्बन बजेट हाउस ऑफ कॉमन्समध्ये अवघ्या १७ मिनिटांच्या चर्चेत मंजूर झाले, आणि यापुढे मतदानावेळीच ते पूर्ण करण्याचे आराखडे सभागृहासमोर असावेत. त्यांनी तारीख पुढे ढकलली त्याच्याशी मी असहमत आहे, पण ही सूचना अगदी योग्य होती आणि ती पक्षाच्या रंगाकडे न पाहता स्वीकारायला हवी. २०१९ मध्ये निव्वळ शून्याचे ध्येय दीड तासाच्या चर्चेने, मतविभागणीशिवाय मंजूर झाले होते. सर्वसंमती हे बळ आहे, पण ध्येयावर एकमत आणि खर्चावर मौन अशी ती असेल, तर पहिल्याच महागाईत मोडते. सातव्या बजेटसाठी, म्हणजे २०३८ ते २०४२ या काळासाठी, हवामानबदल समितीने फेब्रुवारी २०२५ मध्ये सल्ला दिला: १९९० च्या तुलनेत २०४० पर्यंत ८७ टक्के कपात. वाहतुकीतली कपात किती, त्यातली गाड्या बदलून किती, लोकांचे गाडी चालवणे घटून किती, आणि त्याचा भार कोणावर, हे तक्ते मतदानाआधी टेबलावर असणे हीच किमान अपेक्षा आहे. स्कॉटलंडने मोटारींचा प्रवास २०३० पर्यंत २० टक्क्यांनी कमी करण्याचे ध्येय ठेवले होते. जानेवारी २०२५ मध्ये ऑडिट स्कॉटलंड या लेखापरीक्षण संस्थेला त्यासाठीचा स्पष्ट आराखडाच सापडला नाही.

एक आक्षेप अधिकारीवर्गाकडून येतो: भविष्यातले आकडे अनिश्चित असतात, खोटी अचूकता कशाला मागता? अचूक आकडा कोणी मागत नाही. पट्टा द्या, पण पट्ट्याची वरची कड कोणत्या परिस्थितीत आणि खालची कोणत्या, हे लिहा. २०२४ मध्ये उत्पादकांवर विजेवरच्या मोटारींचे २२ टक्के प्रमाण बंधनकारक केले होते, प्रत्यक्ष विक्री १९.६ टक्के झाली. सवलती आणि उसनवारीच्या तरतुदींमुळे नियम मोडला असे झाले नाही, पण त्या तरतुदींनी कपात किती घटली हे सांगायला गृहीत लिहिलेले असावे लागते.

आपल्याकडे संसदेच्या विभागवार स्थायी समित्या १९९३ पासून आहेत. उद्योगविषयक समितीने डिसेंबर २०२३ मध्ये विजेवरच्या वाहनांवर सविस्तर अहवाल दिला आणि या वाहनांना अनुदान देणारी फेम-२ योजना किमान तीन वर्षे वाढवा म्हटले. योजना ३१ मार्च २०२४ रोजी संपली; ऑक्टोबरपासून १०,९०० कोटी रुपयांची पीएम ई-ड्राइव्ह योजना आली. समितीच्या बैठका बंद दाराआड होतात, सदस्यांची मुदत वर्षाची असते, आणि कार्बन बजेटसारखी कायदेशीर मर्यादा नसल्याने योजनेतून किती उत्सर्जन घटले हा प्रश्न विचारण्याचा धागाच हाती लागत नाही; चर्चा अनुदान आणि विकलेल्या गाड्यांवर थांबते. महाराष्ट्राच्या २०२१ च्या धोरणात २०२५ पर्यंत नव्या नोंदणीत १० टक्के वाहने विजेवरची असावीत असे ध्येय होते, २०२५ च्या धोरणात ते २०३० साठी ३० टक्के झाले. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतूवर विजेवरच्या मोटारींना टोलमाफीही आहे. ही माफी कोणाला मिळते, तिची भरपाई कोणत्या खात्यातून होते, पेट्रोल-डिझेलवरच्या राज्याच्या करात २०३० पर्यंत किती घट धरली आहे, आणि तोच पैसा एसटीच्या किंवा बेस्टच्या बसगाड्यांना दिला असता तर किती टन धूर वाचला असता, हे विधानसभेत तारांकित प्रश्न म्हणून विचारता येते. त्यासाठी नवा कायदा लागत नाही.